दा-ओनचे केस मी धुतले

तोंगयोंग, ५ ऑक्टोबर

हे-रिम, बाळा,

तुझं ऑपरेशन नीट झालं असं जावईबापूंनी, ते-ग्युनने कळवलं. पित्ताशय काढल्यावर माणूस लगेच चालायला लागतो म्हणे, पण तू पडून राहा. तळलेलं खाऊ नकोस. तुझा फोन लागत नाही, आणि मेसेज केला की उलट फक्त एक अंगठा येतो. एवढ्या वर्षांत असे अंगठे मी पुष्कळ जमवले आहेत. म्हणून आता कागदावर लिहिते.

तुझी लेक दा-ओन मजेत आहे. जावईबापू तिला सोडून गेले तेव्हा तिच्याबरोबर कपड्यांची एक बॅग होती आणि पुस्तकांच्या दोन. मी म्हटलं, "दोन आठवड्यांसाठी एवढं?" तर तो बिचारा बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाला, "आई, हे-रिमने भरल्यात."  आणि चहा न घेताच निघाला.

तुझ्या सूचना लक्षात आहेत. चार वाजता टॅबलेटवरची इंग्रजीची शिकवणी. जेवताना गोष्टींची सीडी. टोपी काढायची नाही, डोकं धुवायचं नाही, कारण टाळू नाजूक आहे, शाम्पू खास आहे आणि तो तूच लावणार. ठीक आहे. अभ्यास उत्तम चालू आहे. टॅबलेट अगदी सुरक्षित जागी ठेवलाय, त्याची काळजी नको.

पहिल्या दिवशी गंमत झाली. शेजारची मल-सून कालवांच्या शेडमधून सुटून तशीच रबरी बूट घालून अंगणात आली. तिला बघताच दा-ओन उठून उभी राहिली, हात पोटाशी जुळवले आणि इंग्रजीत धडाधड म्हणायला लागली. नाव, वय, पेंग्विन का आवडतात, त्याची कारणं.

मल-सून म्हणाली, "अगं, ही मला भाषण देतेय का शिव्या?"

"स्वतःची ओळख करून देतेय," मी म्हटलं.

दा-ओनने मला हळूच विचारलं, "आजी, ह्यांची लेव्हल कुठली?"

"माझी?" मल-सूनने ऐकलंच. "कालवं सोलण्यात मी सगळ्यात वरच्या वर्गात. बाकीच्या मेल्या सगळ्या, आता मी एकटीच पहिली."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. पोर हसली नाही. तिने गंभीरपणे विचारलं, "परीक्षा कधी झाली?"

तू तिच्याएवढी होतीस तेव्हा धक्क्याखालच्या चिखलातून खेकडे काढायचीस आणि ते माझ्या स्वयंपाकघरात सोडायचीस. गणितात नापास झाल्याचा कागद तू एकदा खेकड्यांच्या बादलीवर झाकण म्हणून ठेवला होतास. बाबा किती हसले होते! आज अंगणातला तो बाक, झाडावरची जर्दाळूसारखी पिकलेली तेंदूची फळं बघून सगळं आठवलं.

विश्रांती घे.

आई


तोंगयोंग, १३ ऑक्टोबर

हे-रिम,

काल शनिवार होता. तोंगयोंगमध्ये शनिवारी आजी नातवंडाला घेऊन कुठे जाते, हे तू विसरलीस. सोलच्या त्या देची-दोंगमधल्या चकचकीत बाथरूममध्ये एकटीने आंघोळ करून करून विसरलीस. तुला वाटलं, आजी सांगितलेलं ऐकेल, टोपी काढणार नाही. अगं, गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात टोपी घालून कोण बसतं?

दारातच तिने दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली. "आईने नाही म्हटलंय."

"आणि मी तुझ्या आईची आई. मी हो म्हणतेय."

 हा मुद्दा तिच्या कुठल्या पुस्तकात नसावा. मग तिने टोपी काढली. केस व्यवस्थित दिसत होते, जरा जास्तच काळेभोर. गरम पाण्याच्या हौदात ती हनुवटीपर्यंत बुडून बसली आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा खिदळली. पायांनी पाणी उडवलं. मल-सूनने खरखरीत मोजा हातात चढवून तिची पाठ घासली. "बघ, बघ, सोलची सगळी धूळ निघाली," म्हणाली. दा-ओन ओरडली, "दुखतंय!" आणि पुन्हा घासायला पाठ पुढे केली.

मग मी डोक्यावर पाणी ओतलं.

पाणी काळं आलं. मला वाटलं मळ असेल. साबण लावला तर फेस राखेसारखा झाला. मग माझ्या तळव्याला मऊ कातडी लागली, बाळाच्या टाचेसारखी. डोक्याच्या मागे, कानाच्या वर, मध्यभागी. जिथे केस असायला हवेत तिथे काहीच नव्हतं. बाजूला अर्धवट तुटलेले खुंट.

मल-सूनची जीभ तुला माहीत आहे, झोपेतही थांबत नाही.  तिने आधी स्वतःचा टॉवेल पोरीच्या डोक्याला गुंडाळला आणि बाकीच्या बायकांवर खेकसली, "काय बघताय? आपापल्या पाठी घासा!"

मी विचारलं, "हे काळं काय आहे, राणी?"

"पावडर. टकलावर लावायची. आई ब्रशने लावते." अगदी सहज सांगितलं, टूथपेस्ट म्हणावी तसं. "क्लासच्या मुलाखतीत टक्कल दिसलं तर टीचर विचारतात, घरी काही त्रास आहे का. मग घेत नाहीत."

"केस आपोआप जातात का तू ओढतेस?"

"वाचताना हात जातो."

"आणि ओढलेले केस कुठे टाकतेस?"

"खाते." मग माझा चेहरा बघून तिने घाईने समजावलं, "खाली टाकले की आई मोजते."

मी बाहेर जाऊन ओकले. कपडे ठेवायच्या खोलीतल्या बेसिनमध्ये. पोरीची किळस नाही आली मला. तो ब्रश धरणाऱ्या हाताची आली. सकाळी उठून, पोरीला आरशासमोर बसवून, टाळूवरच्या उघड्या जागा रंगवणारा हात. आणि तो हात माझ्या मुलीचा आहे. तुझी वेणी घालताना गुंता ओढला गेला तर मी आधी तुझ्या डोक्यावर फुंकर घालायचे; तीच तू.

तुला सगळं खरं सांगते. अभ्यास उत्तम चालू नाही. अभ्यास चालूच नाही. टॅबलेट किमचीच्या फ्रीजमध्ये मुळ्याच्या डब्याखाली आहे. शिकवणीच्या बाईंना मी पहिल्याच दिवशी फोन करून सांगितलं की आमच्या गावात नेट येत नाही. त्यांनी विश्वास ठेवला. सोलची माणसं आमच्याबद्दल काहीही ऐकून घेतात.

न्हाणीघरातून निघताना तिने केळ्याचं थंड दूध प्यायलं. स्ट्रॉने आवाज काढत. दोन्ही हात बाटलीला होते, म्हणून डोक्याकडे गेले नाहीत.

आई


तोंगयोंग, २१ ऑक्टोबर

हे-रिम,

शेवटी फोन केलास. अंगठा न पाठवता माणसासारखा फोन. मला वाटलं रडशील. तू माझ्यावरच ओरडलीस. मी पुढे जे लिहिते ते तुझेच शब्द आहेत. कागदावर कसे दिसतात ते एकदा बघ.

"आई, तिथे सगळ्यांनाच असं काही ना काही होतं. एकीला डोळे मिचकावायची सवय लागलीय, एकाला चड्डीत होते. परीक्षा झाली की थांबतं."

"आई, तो क्लास मिळाला की पुढचा रस्ता साफ. हे वर्ष गेलं की परत संधी नाही."

"आई, तुला काय कळणार? तू गावात राहतेस."

दा-ओन सहा वर्षांची आहे. एका इंग्रजीच्या क्लासमध्ये प्रवेश मिळावा म्हणून तिची परीक्षा. ती परीक्षा जमावी म्हणून आणखी एक क्लास, त्याला तुम्ही लाडाने पिल्लू क्लास म्हणता. मी मल-सूनला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आणि पिल्लू क्लासला जायला अंडं क्लास असेल." मी हसले नाही, कारण तो खरंच आहे. दा-ओन तीन वर्षांची असताना तुम्ही तिला तिथे घातलं होतं.

तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा काय झालं, ते तुला दिसलं नाही. फोन वाजल्याबरोबर ती मोरीतून धावत आली. "आजी, थांब! उचलू नकोस! आधी पावडर!" बॅगेच्या तळातून डबी काढून, आरसा नसताना, स्वतःच्या हाताने चाचपडत डोक्यावर थोपली. कपाळावर सांडली, नाकावर सांडली. मी पुसायला गेले तर म्हणाली, "आईला वाईट वाटतं." मग तिने तोंड हसरं केलं आणि मला मान हलवून सांगितलं, आता उचल.

तुला स्क्रीनवर हसरी मुलगी दिसली.

तुझं-माझं बोलणं कधी तुटलं ते आठवतंय? तिच्या पहिल्या वाढदिवसाला. ताटात पेन्सिल, पुस्तक, पैसे, सुताची लडी, सगळं मांडलं होतं; बाळ जे उचलेल ते त्याचं भविष्य. पोरीने सरळ सूत उचललं. दीर्घायुष्य! टाळ्या वाजवायला मी हात वर केले होते. तेवढ्यात तू "फोटो नीट आला नाही, परत, परत" म्हणत तिच्या मुठीतून सूत सोडवलंस आणि पेन्सिल कोंबलीस. अजून तो फोटो तुझ्या हॉलमध्ये आहे. त्यात ती पेन्सिल धरून रडतेय आणि तू हसतेयस. सगळ्यांदेखत मी बोलले, "मुलीचं आयुष्य काढून पेन्सिल देतेस?" माझा सूर कडवट होता. पण आज तेच वाक्य मी पुन्हा बोलेन.

मासानच्या शाळेत आम्हाला सिस्टर कोलुम्बा होत्या. कडक. मोजे घसरलेले दिसले तरी उभं करायच्या. सहामाहीचा लॅटिनचा पेपर चालू असताना एकदा बर्फ पडायला लागला. मासानला बर्फ म्हणजे नवलच. सगळ्यांचे डोळे खिडकीकडे. सिस्टर उठल्या, टेबलावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "पेनं खाली. सगळ्या बाहेर. बर्फ फार वेळ थांबायचा नाही." आम्ही चाळीस मुली अंगणात तोंड वर करून उभ्या. त्यांच्या काळ्या झग्यावर पांढरे ठिपके पडले होते आणि त्या ते झटकत नव्हत्या. लॅटिन मी सगळं विसरले. ती सकाळ विसरले नाही. त्या बाईंनी आम्हाला कमी शिकवलं का?

इथल्या डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला. केसांचा गोळा अजून झालेला नाही, पण असंच चाललं तर होईल, म्हणाले. परीक्षा वगैरे सध्या सगळं बंद, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनाच तुला फोन करायला मी सांगितलं, तर त्यांना तू काय म्हणालीस? "सोलच्या डॉक्टरांना दाखवू."

ऐक. मी तिला परीक्षेला पाठवणार नाही. दार माझं आहे.

आई


तोंगयोंग, ३ नोव्हेंबर

हे-रिम,

तू येऊन तिला घेऊन गेलीस. पोटावरची जखम अजून पुरती भरली नसताना एवढ्या लांबून गाडी चालवत आलीस. तुझ्यात ही जिद्द कुठून आली, याचा विचार करत मी दिवसभर अंगणात बसले.

मी दारात आडवी उभी राहिले होते. तू म्हणालीस, "आई, बाजूला हो, तमाशा नको." मल-सून कुंपणावरून ओरडली, "तमाशा तू करतेयस, पोरीच्या डोक्याचा!" तू तिला म्हणालीस, "तुम्ही आपली कालवं बघा." तिने तुला लहानपणी कडेवर घेऊन बंदर दाखवलं आहे. असो.

तुझ्याशी भांडायची माझी तयारी होती. पण दा-ओन माझ्या काखेखालून बाहेर आली. बूट स्वतः घातले. डावा-उजवा बरोबर. तुझा हात धरला आणि मला वाकून नमस्कार केला, "आजी, येते. उशीर होईल." इतकी शहाणी. एवढ्या शहाण्या मुलीला घट्ट धरून ठेवायचं कसं, ते मला कळलं नाही. ती रडली असती, लोळली असती तर मी तिला सोडलं नसतं.

तू बॅगा गाडीत टाकत होतीस तेव्हा ती परत धावत आली, रुमाल राहिला म्हणून. रुमाल राहिला नव्हता. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी नाही गेले तर आई रडते. आई रडली की बाबा बोलायचे थांबतात. मग घरात फक्त सीडी बोलते." आणि पळाली.

तुझ्या घरात कोण कोणाला सांभाळतंय, हे-रिम?

तू इथे येऊन माझ्याशी भांडलीस याचा मला राग नाही. गाडीत बसल्या बसल्या तू आरशातून तिच्या डोक्याकडे बघितलंस आणि तोंड वाकडं केलंस. इथल्या चार आठवड्यांत बारीक केस उगवायला लागले होते, पिलाच्या अंगावरच्या लवेसारखे. मी रोज खोबऱ्याचं तेल लावत होते, मोठ्या कौतुकाने. तू म्हणालीस, "हे असे उभे राहिलेत, ह्यांच्यावर पावडर बसणार नाही."

हे वाक्य मी विसरायचा प्रयत्न केला. जेवताना, प्रार्थनेत, झोपताना केला. जमलं नाही. चर्चमध्ये आमच्या पॅरिशच्या बायका कॉलेजप्रवेशाच्या मोठ्या परीक्षेसाठी शंभर दिवसांची प्रार्थना करतायत, मेणबत्त्यांसमोर मुलांचे फोटो मांडून. दरवर्षी मीही त्यांच्याबरोबर बसते. या वेळी त्या फोटोंमधली सगळी पोरं मला नीट भांग पाडलेली, घट्ट ओठांची दिसली. अर्ध्यातून उठून आले. फादरनी विचारलं, "आग्नेस, बरं नाही का?" मी म्हटलं, "फादर, हे आपण देवाकडे काय मागतोय?" ते हसले. त्यांना वाटलं मी थकलेय.

आई


तोंगयोंग, २४ नोव्हेंबर

हे-रिम,

तुझी पेटी पोचली. तांदळाचे केक, लाल फितीत बांधलेले, वर सोनेरी अक्षरांत दा-ओनचं नाव आणि 'प्रवेश मिळाला'. सगळ्या नातेवाइकांना पाठवलेस म्हणे. आणि ते-ग्युनने बऱ्याच महिन्यांनी मला मोठा मेसेज लिहिला, की सगळ्यात वरच्या वर्गात बसली, हे-रिमच्या कष्टांचं चीज झालं, आता आईंनी राग सोडावा.

मीही तसंच ठरवलं होतं. खरं सांगते. म्हटलं, झाली ना परीक्षा, संपलं. कदाचित गावातल्या म्हातारीला काही कळत नसेल. केक ताटात काढले, मल-सूनला हाक मारायला उठले, तेवढ्यात दा-ओनचा फोन आला. तिच्या मनगटावरच्या घड्याळातून. क्लासच्या जिन्यात उभी होती, मागे मुलांचा गलका.

"आजी, मी पास झाले."

"ऐकलं गं राणी. आता मजा ना?"

"आता पुढच्या लेव्हलची परीक्षा जानेवारीत आहे. खाली गेलं तर काढून टाकतात." मग आवाज बारीक करून, "आजी, माझ्या भुवया गेल्या."

"गेल्या म्हणजे?"

"डोक्यावरचे केस ओढायचे नाहीत असं मी आईला प्रॉमिस केलं. मी नाही ओढले. एक पण नाही." अभिमान होता आवाजात. "आईने चष्मा आणलाय. जाड काळी फ्रेम. त्याला नंबर नाही, नुसती काच आहे. भुवया दिसत नाहीत. टीचर म्हणाली, हुशार दिसतेस."

मी विचारलं, "आई काय म्हणाली?"

"आई म्हणाली, पापण्यांना हात लावू नकोस, पापण्या लपवता येत नाहीत."

घंटा झाली. तिने फोन ठेवला.

केक मी पेटीत परत भरले. कुणाला दिले नाहीत, खाल्ले नाहीत. कचऱ्यात टाकायला गेले तर अन्न टाकवेना. शेवटी धक्क्यावर जाऊन एकेक पाण्यात सोडला. समुद्रपक्षी आले, तेही त्या गुळगुळीत गोडाला चोच मारून निघून गेले.

मल-सून आली होती. तिला मी सांगितलं मी काय करणार आहे ते. ती हातातले मोजे उलटसुलट करायला लागली.

"पोटच्या पोरीची तक्रार? पोलिसात?"

"हो."

"आग्नेस, लोक तुझ्या दाराकडे बघून थुंकतील."

"थुंकू देत. पायरी मी धुते रोज."

"आणि ते म्हणाले, हा गुन्हा नाही, अभ्यास आहे, घरोघरी असंच असतं, तर?"

"म्हणतील. बहुतेक म्हणतीलच. पण त्यासाठी कुणाला तरी त्या घरात जावं लागेल. तो चष्मा काढून बघावं लागेल."

मग ती म्हणाली, "उद्या सकाळी मी बूट बदलून येते. एकटी जाऊ नकोस."

तर हे-रिम, उद्या सकाळी आम्ही दोघी इथल्या चौकीत जाणार आहोत. पोरीचा छळ होतोय असं सांगणार, मुलीचं नाव सांगणार, आईचं नाव विचारतील तेव्हा तुझं नाव सांगणार. तुझं नाव मी ठेवलं होतं. बाबांना दुसरं हवं होतं, मी हट्ट धरला होता. ते नाव उद्या तिथे उच्चारताना मला कसं होईल ते मला माहीत आहे. तरी उच्चारणार. डॉक्टरांचा कागद बरोबर घेतलाय. गावातून सोलला कळवतात, मग तिथून माणसं येतात, असं ऐकलंय.

पाठीमागून करत नाही, म्हणून आधी तुला लिहिलं. तू मला माफ करणार नाहीस. अंगठासुद्धा पाठवणार नाहीस. मी वाट बघेन, पण तुझ्या माफीवर मी पोरीला गहाण ठेवणार नाही. कधी तुला स्वतःचीच किळस आली, तर इथे ये. दार उघडं असेल, आणि मी काही बोलणार नाही.

ती माणसं आली की भांडू नकोस. दा-ओन आधी दाराशी धावेल, पोट आत घेऊन, हात जुळवून त्यांना आपली ओळख सांगायला लागेल. तिला मध्येच थांबव. जवळ घेऊन सांग की ही परीक्षा तिची नाही.

तुझीच,
आई